बोकडाचं म्हणून वाढलं

त्या उन्हाळ्यात मी काहीही करत नव्हतो आणि ते अगदी मन लावून करत होतो. कॉलेजची परीक्षा संपली होती, निकालाला अवकाश होता, आणि शिकणाऱ्या पोरानं सुट्टीत कशालाही हात लावायचा नसतो असा एक नियम मी स्वतःच काढून घरच्यांच्या गळी उतरवला होता. सकाळी उठून बाज लिंबाखाली ओढायची. सावली सरकली की बाज सरकवायची. दिवसभरात माझी बाज लिंबाच्या बुंध्याभोवती अर्धी फेरी मारायची आणि तेवढीच काय ती माझी मेहनत. समोर माझा बाप उन्हात दगड घडवत बसलेला असायचा. हे आज लिहिताना स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. तेव्हा माझी तक्रार एवढीच होती की बाच्या छिन्नीमुळं माझी झोपमोड होते.

आम्ही वडार. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वाशीच्या बाहेर, माळाच्या उतारावर आमची दहाबारा घरं. बा पाटे-वरवंटे घडवायचा, उखळं कोरायचा, गावोगाव फिरून गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून पुन्हा धार आणून द्यायचा. त्याच्या हातोड्याचा ठेका असा बांधलेला होता की आत चुलीपुढं बसलेली माय त्यावरून त्याचा मिजाज सांगायची. ठेका संथ असला की बा खूश. जलद झाला की कुणीतरी काहीतरी बोललंय. बा स्वतः फारसा बोलायचा नाही. बोलायचं सगळं खातं मायकडं होतं. तिचा आवाज माळाच्या त्या टोकाला पोचायचा, आणि तिला त्याचा अभिमानही होता. घरात आम्ही आपसांत आमची वडारी बोलायचो. बाहेरचं माणूस आलं की सगळे झटकन मराठीवर यायचे. मी इथं सगळंच मराठीत लिहितो आहे, तेवढी सूट वाचणाऱ्यानं द्यावी.

आमच्यात डुकराचं खातात. किती साधं वाक्य आहे! त्या वयात ते मला लिहिता आलं नसतं, चारचौघांत बोलायची तर बातच सोडा. पण खाताना मात्र मी सगळ्यांत पुढं. ज्या दिवशी ते शिजायचं त्या दिवशी फटफटायच्या आधीच गल्लीत तुराट्यांचा जाळ दिसायचा. कातडीवरचे केस जाळून, पाणी मारून, सुरीनं खरवडून ती हळदीसारखी पिवळी होईपर्यंत घासायची. मग मायच्या हाताखाली. ती मोठमोठे तुकडे करायची, मुठीएवढे. बारीक फोडी करणाऱ्या बायकांचा तिला राग होता. मीठ, हळद, बाच्याच पाट्यावर वाटलेलं लसूण आणि तिखट, निखाऱ्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, चिंचेचा कोळ. पाणी थेंबभरही नाही. चरबी वितळून तिच्यातच सगळं शिजायचं. मातीच्या मडक्यात हे भरून वर झाकणी, आणि झाकणीभोवती कणकेचा जाड वळ फिरवून तोंड बंद. परसात दगडांनी बांधलेला एक खड्डा होता, त्यात गोवऱ्यांच्या धगीवर मडकं ठेवायचं, चार निखारे झाकणीवर. आणि मग काहीही करायचं नाही. ह्या एकाच स्वयंपाकात मी मायला मदत करू शकत होतो. दुपार कलली की कणकेला कुठंतरी चीर पडून वाफेचा एक दोरा वर यायचा. तीच घंटा. झाकण निघालं की हाड नुसतं चिमटीत धरून वर उचलायचं. मांस खालीच राहायचं. माय ते बोटांनी ओढून ओढून त्याचे धागे करायची आणि त्याच्याच रसात परत कालवायची. सोबत ज्वारीची गरम भाकर. बस्स.

गेल्या वर्षी पुण्यात माझ्या नातीनं मला एका हॉटेलात नेलं. मेनूकार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं की डुकराचं मांस बारा तास मंद आचेवर शिजवून, हातानं धागे ओढून, पावात घालून देण्यात येईल. बाजूच्या टेबलावर एक चांगल्या घरची पोरगी डोळे मिटून ते खात होती. नात म्हणाली, "आजोबा, पुल्ड पोर्क. ट्राय करा, एकदम वेगळं असतं." मी एक घास खाल्ला. साखर घातली होती त्यात! मला एवढा राग आला की वेटर दोन पावलं मागं सरकला. राग साखरेचा नव्हता. ज्या वासापायी मला शाळेत दाराशी बसवलं, तो वास आता थंडगार खोलीत मंद दिव्याखाली टेबल राखून लोक घेत होते. नातीला मी एवढंच म्हणालो की तुझ्या पणजीचं बरं होतं. ती म्हणाली, "पणजी पुल्ड पोर्क करायची?"

तर मायचा एक कायदा होता. बाहेरचं कुणी जेवायला असलं की मडक्याची कणीक फोडायच्या आधी ती स्वतः त्याच्यापुढं जाऊन उभी राहायची आणि सांगायची, "हे डुकराचं हाय. चालतंय का? न्हाय तर पिठलं टाकते." चालतंय म्हटलं तरच कणीक फोडायची, आणि ती तिनंच. नाही म्हणणाऱ्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पिठलंही ती त्याच जोरात करायची. गल्लीतल्या सगळ्याच जुन्या बायका हे पाळायच्या. न सांगता वाढणं म्हणजे त्यांच्या लेखी झोपलेल्या पाहुण्याच्या गाठोड्यात हात घालणं. बेइमानी.

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. मी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, होस्टेलवर राहायचो. तिथल्या मेसमधल्या डाळीत स्वतःचं तोंड दिसायचं. अशा डाळीपुढं बसलेल्या भुकेल्या पोरांना मी माझ्या घरचं मटण ऐकवायचो. मडकं, कणीक, वाफेचा दोरा, बोटांनी ओढलेले धागे, सगळं खरं. फक्त जनावर बदलायचो. बोकड म्हणायचो. आधी एकदा सहज म्हणालो, मग पुढच्या वेळी म्हणावंच लागलं, आणि वर्षभरात ते बोकड एवढं गाजलं की माझं मलाही खरं वाटायला लागलं. सगळ्यांत तल्लीन होऊन ऐकायचा माझा खोलीतला जोडीदार अनंत. तेरच्या शेतकऱ्याचं पोरगं, दोन भाऊ, शंभर आंब्याची झाडं, खाण्यावर जीव. "हणम्या, एकदा मला तुझ्या मायच्या हातचं खायचंय," तो म्हणायचा, आणि मी "ये की" म्हणायचो. असं म्हटलेलं कुणी मनावर घेतं का?

अनंतानं घेतलं. एका दुपारी बाजेवर मी उताणा पडलेलो असताना डोक्याशी आवाज आला, "काय राव, वारं कसं भरारा येतंय तुझ्याकडं! चार दिस हलत न्हाय बघ आता." खांद्यावर पिशवी, हातात आंब्यांची पाटी.

मायनं त्याला पाणी दिलं. मी टक लावून बघत होतो. तो तांब्या घेताना अडखळतो का, ओठाला लावतो का वरून पितो, सगळं मी मोजून ठेवणार होतो. त्यानं तांब्या तोंडाला लावला, गटागट प्यायला आणि दुसरा मागितला. माझी सगळी तयारी वाया गेली. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं.

तेवढ्यात मास्तरीण आली. ही आमची डुकरीण. तिची आई मेली तेव्हा मी तिला आंबील पाजून वाढवली होती, आणि शाळेतल्या बाईंसारखी मान ताठ ठेवून चालते म्हणून हे नाव. ती सरळ माझ्याजवळ आली, बाजेच्या पायाला पाठ घासली आणि माझ्या तळव्याला नाक लावून उभी राहिली.

"ही कुणाची रं?" अनंतानं विचारलं.

"गल्लीतली हाय. मोकाट."

"तुला वळखती वाटतं."

"ती सगळ्यांलाच वळखती. लई मनमिळाऊ हाय."

मास्तरणीनं माझ्याकडं असं बघितलं, की ते आठवून अजून मान खाली जाते.

संध्याकाळी मायनं मला चुलीपाशी बोलावलं. "उद्या शेजारचं डुक्कर पडतंय, मोठं मडकं लावते म्हणत व्हते. तुझ्या दोस्ताला इचार चालतंय का. न्हाय तर कोंबडी कापते, त्यात काय."

कोंबडी! केवढी सोपी वाट होती. पण वर्षभर ज्या मटणाचं गाणं गायलं ते सोडून अनंताला कोंबडीचा रस्सा कसा घालायचा? "चालतंय त्याला," मी म्हणालो.

"इचारलंस?"

"व्हय, व्हय."

"बरं. म्या बी इचारते सकाळी."

"नको माय, लाजंल तो. शिकलेल्या पोरांला असलं तोंडावर इचारत नसतेत."

"हे कुठल्या बुकात लिवलंय?" माय म्हणाली, पण तिचा विश्वास बसला. तिला वाचता येत नव्हतं, आणि बुकातलं सगळं मला कळतं अशी तिची खात्री होती. त्या खात्रीचा मी असा उपयोग केला.

दुसऱ्या दिवशी तुराट्या पेटायच्या आत मी अनंताला उठवला आणि टेकडीवरचं देऊळ दाखवायला घेऊन गेलो. त्या देवळात बघण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला दोनदा दाखवलं. मग तिथून खाणीवर, खाणीवरून ओढ्यावर. ओढा कोरडा होता, तोही दाखवला. "हणम्या, ही सुट्टी हाय का शिक्षा?" अनंत घाम पुसत म्हणाला. परत आलो तेव्हा मडकं खड्ड्यात बसलं होतं, वास सुटला होता, आणि अनंत लिंबाखाली बसून म्हणाला की आता मेलो तरी चालंल.

कणकेला चीर पडली. माय पदराला हात पुसत आमच्याकडं यायला निघाली. ती विचारणार, हे तिच्या चालीवरूनच कळलं. मी धावलो, खड्ड्यापाशी बसलो आणि स्वतःच्या हातानं कणीक फोडली. दोन बोटं चांगलीच पोळली. "आरं, ते माझं काम हाय!" माय ओरडली. मी म्हणालो, "भूक लागलीय." बोटं काखेत दाबून मी हसत होतो. अशा शौर्याला कुणी पदक देत नाही, हे बरंच आहे.

बा म्हणाला, हातातला पाटा पुरा करून येतो, तुम्ही बसा. आम्ही दोघं बसलो. अनंतानं पहिला घास घेतला आणि बोलणंच बंद केलं. दुसऱ्या भाकरीला तो माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, "चरबी लई हाय रं बोकडाला."

"डोंगरातलं बोकड. आळशी असतंय. माझ्यासारखं."

तो हसला आणि तिसरी भाकर घेतली. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात माय पळी घेऊन आली. "वाढू का लेकरा अजून?"

"वाढा की. माय, खरं सांगू? आमच्या मामाच्या जत्रंला दरसाल बोकड पडतंय. पर असलं बोकडाचं मटण म्या जन्मात खाल्लं न्हाय."

पळी हवेतच थांबली. बाहेर हातोडाही थांबला. मी माझ्या ताटातल्या कांद्याच्या फोडीकडं फार बारकाईनं बघू लागलो.

"हणम्या," माय म्हणाली. एरवी माळ ओलांडून जाणारा तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "तू ह्याला सांगितलंय म्हणला व्हतास."

तिनं पळी मडक्यात ठेवली, अनंताच्या समोर खाली बसली आणि म्हणाली, "लेकरा, हे बोकड न्हाय. डुकराचं हाय. आमच्यात खातेत. आमी कुणाला न सांगता वाढत न्हाय. आज वाढलं. चुकी झाली." आणि तिनं हात जोडले.

माझ्या मायनं. एका विशीतल्या पोरापुढं. हाताला चरबी लागलेली, तशीच. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मूर्खपणे केले, त्यांतले निम्मे सांगून लोकांना हसवलं, पण हे हात आठवले की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते आणि समोर मारायला माझ्याशिवाय कुणी नसतं.

अनंताचा हात ताटातच होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता उलटी करील, ताट लाथाडील. मी त्याचीही वाट बघत होतो, म्हणजे मला ओरडता आलं असतं. त्यानं ताट हळूच बाजूला सारलं, उठून हात धुतले आणि म्हणाला, "माय, तुमी हात नका जोडू." मग माझ्याकडं वळून, "चल बाहेर."

लिंबाखाली आल्यावर तो म्हणाला, "का?"

"सांगितलं असतं तर खाल्लं असतंस का?"

"ते मला काय ठाव! तू इचारलंस कुठं? न्हाय म्हणालो असतो, पिठलं खाल्लं असतं आणि हितंच पडलो असतो बाजंवर. माझ्या तोंडात काय घालायचं ते तू ठरवणार व्हय?"

त्याचं खरं होतं. म्हणूनच मी भडकलो. "तुमच्या हिरी खांदायला आमी! तुमच्या जात्याला टाकी लावायला आमी! तुमच्या घराचा पाया घालायला आमी! आणि आमच्या ताटातलं तेवढं वंगाळ, न्हाय का?" असं आणि आणखी बरंच. गल्ली गोळा झाली. एक शब्द खोटा नव्हता त्यात. पण ते ऐकायला हवी होती ती माणसं तिथं नव्हतीच. मला "वास येतोय" म्हणून दाराशी बसवणारा मास्तर नव्हता. बाला बाजारात वेगळ्या कपात चहा देणारा आणि तो कप त्यालाच विसळायला लावणारा हॉटेलवाला नव्हता. त्यांच्यापुढं मी कधी ब्र काढला नाही. माझ्या मायच्या तांब्यानं दोनदा पाणी प्यायलेला एकच माणूस मला सापडला होता आणि त्याच्यावर मी ते सगळं ओतलं.

"म्या कवा वंगाळ म्हणलं?" अनंत एवढंच म्हणाला. पिशवी घेतली, आत जाऊन "येतो माय" म्हणाला आणि उन्हातच रस्त्याला लागला.

मायनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू त्याला भ्याला न्हाईस. तुला माझी लाज वाटली." बा दारात उभा होता. तो म्हणाला, "उद्या त्याच्या घरी जा. त्याच्या मायला सांग. आपल्या घरात तिच्या लेकराच्या पोटात काय गेलं ते तिला ठाव पायजे." त्या दिवशी परत हातोडा वाजला नाही. दिवेलागणीला मी जेवायला बसलो तर माय माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि परक्याला विचारावं तसं म्हणाली, "हे डुकराचं हाय. चालतंय का?" मी ताट तसंच ठेवून बाहेर बाजेवर जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून मी तेरला पोचलो. वाटभर मी मोठ्या माणसासारखी वाक्यं जुळवत होतो. खरं सांगायला निघालेल्या माणसाला स्वतःचं फार कौतुक वाटतं. अनंताच्या अंगणात त्याची आई बाजेवर कुरडया घालत होती. अनंत ओसरीत होता. मला बघताच त्यानं डोळे मोठे केले आणि मान हलवली. गप, असं. मला वाटलं, भ्याला. मी मनात म्हणालो, मी नाही भ्यायचो आता.

"तूच का हणमंत?" काकू म्हणाल्या. "बस. अनंतानं लई नाव काढलं तुमच्या घरचं. मटण लई ग्वाड व्हतं म्हणला."

इथं कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. अनंतानं एका रात्रीत सगळं झाकून, वर गोड लावून ठेवलं होतं. पण मी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. काकू, ते बोकड नव्हतं, ते असं असं होतं, अनंताला माहीत नव्हतं, चूक माझी. सगळं खणखणीत आवाजात. आवाज मी मायचा घेतला आहे.

काकूंचा हात सोऱ्यावर तसाच राहिला. मग त्या दात आवळून, हळू बोलल्या, "मला कशाला सांगितलंस रं? काल त्यो आला तवाच त्याच्या कपड्याला वास आला मला. म्या इचारलं न्हाय. मुद्दाम न्हाय इचारलं. मला ठाव न्हाय तवर काय बी झालेलं नसतंय. आता तू भर अंगणात वरडलास, आत आत्याबाई जाग्या हाईत. आता मला करावं लागंल सगळं."

आणि आतून काकूंच्या म्हाताऱ्या सासूचा आवाज आलाच, "काय म्हणतंय गं ते पोरगं? काय खाल्लं आपल्या अन्यानं?"

मग त्यांनी केलं सगळं. अनंताला अंगणात दगडावर बसवून अंघोळ घातली, गोमूत्र शिंपडलं, कालचे कपडे काठीनं उचलून बाहेर टाकले, पुढच्या एकादशीपर्यंत देवघराकडं फिरकायचं नाही आणि ताट वेगळं, असं म्हातारीनं आतूनच सुनावलं. विशीतलं ते दांडगं पोरगं खाली मान घालून पाणी अंगावर घेत होतं. मला कुणी बस म्हणेना की जा म्हणेना. आल्या आल्या मला ज्या पेल्यात पाणी दिलं होतं तो काकूंनी राखेनं घासला, एकदा, दोनदा, तीनदा. घासताना त्या रडत होत्या. कुणावर रागावून रडत होत्या, मला आजही नक्की सांगता येणार नाही. माझ्यावर असाव्यात. सासूवरही असाव्यात.

गाडीच्या थांब्यावर मी उभा होतो तेव्हा अनंत ओल्या केसांनीच आला. जवळ आला आणि त्यानं माझ्या थोबाडीत दिली. चांगली वाजली.

"बानं सांगितलं म्हणून आलो मी," मी म्हणालो.

"तुझी माय खरी हाय. तिला दुसऱ्याच्या पोटाची काळजी व्हती. तू मोकळं व्हायला आलास. झालास मोकळा? जा आता." तो गेला. मी मागून ओरडलो, "तुझ्या आईनं माझा पेला तीनदा घासला!" तो वळला. "बघितलं म्या," म्हणाला. "मला काय डोळं न्हाईत?"

सुट्टी संपल्यावर होस्टेलवर त्यानं दुसरी खोली घेतली. माझ्या खोलीसमोरचीच, मधे नुसता व्हरांडा. आता हा सगळ्यांना सांगणार, अशी मला खात्री होती. वडाराच्या पोरानं मला डुकराचं चारलं, म्हणणार. पोरं नाक दाबणार. आणि मग मी. माझं भाषण तयार होतं. रोज मेसमध्ये ताट घेऊन बसताना मी ते मनात म्हणायचो, त्यात नवीन भर घालायचो, धार लावायचो. कुणी मोठ्यानं हसलं की माझे कान तापायचे. दोन वर्षं मी तसा बसून होतो. अनंतानं कुणाला काही सांगितलं नाही. एकदाही नाही. ते भांडण त्यानं मला मिळूच दिलं नाही. मेसमध्ये कुणी म्हणालं, "हणम्या, सांग की तुझ्या घरचं बोकडाचं मटण," की तो ताट उचलून नळाकडं जायचा. आणि मी सांगायचो. होय, सांगायचो. मडकं, कणीक, वाफेचा दोरा. बोकड.

शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा माय भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या पोरानं कुणाला सांगितलं का तिथं?"

"न्हाय."

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाय."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "आणि तू?" ती म्हणाली. "तू सांगितलंस का, तुझी माय काय शिजवती ते?"

"सांगितलं की," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. भाकर उलटायची वेळ झाली होती, तरी ती बघतच राहिली. मग करपल्याचा वास आला, तेव्हा तिनं ती उलटली आणि माझ्या ताटात वाढली.